गुरुमुख आणि शिष्यांच्या वह्या : टोकियो येथील एका परकी इंग्रजी अध्यापकाचीं व्याख्यानें

(१)

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्यांची दृष्टि बहुधा सनदा, महजर, शकावल्या, बखरी आणि पोथ्या यांवर खिळलेली असते. आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या दप्तरांत हीं सांपडतात त्याच दप्तराच्या तळाशीं पुष्कळदां एखाद्या विद्यार्थ्यानें गुरुमुखांतून उतरून घेतलेली वही पडलेली असते. तिची मात्र रद्दींत गणना होते. अशा वहीचें ऐतिहासिक मोल किती आणि तिच्यावर विश्वास कोठवर ठेवावा, हा प्रश्न आम्ही प्रस्तुत लेखांत एका परदेशीय उदाहरणावरून विचारार्थ घेत आहों. इ. स. १८९६ सालीं जपानच्या राजधानींतील विद्यापीठांत एका परकी गृहस्थानें इंग्रजी वाङ्मय शिकविण्यास आरंभ केला. त्यानें आपलीं व्याख्यानें ग्रंथरूपानें लिहून ठेविलीं नाहींत. आज तीं छापील उपलब्ध आहेत तीं केवळ शिष्यांच्या वह्यांमुळें.

(२)

या गृहस्थाचें नांव लाफ्काडिओ हर्न. त्याचा जन्म इ. स. १८५० मध्यें ग्रीस देशालगतच्या लेफ्कादा बेटांत झाला. बाप आयरिश, लष्करांतील शस्त्रवैद्य; आई ग्रीक. आईबापांची ताटातूट झाल्यावर डब्लिन येथें एका वृद्ध आप्त स्त्रीनें त्यास वाढविलें. सोळाव्या वर्षीं शाळेंत खेळतांना अपघात होऊन डावा डोळा गेला, आणि उरलेला उजवा अतिशय अधू होता. पुढें आश्रय तुटल्यामुळें उच्च शिक्षण झालें नाहीं. इ. स. १८६९ मध्यें तो अमेरिकेस गेला व सिन्सिनाटी आणि न्यू ऑर्लीन्स येथें वृत्तपत्रांत लिहून पोट भरूं लागला. इ. स. १८९० च्या एप्रिलांत तो लेखनाच्या निमित्तानें योकोहामा बंदरीं उतरला, आणि बेझिल हॉल चेंबरलेन या विद्वानाच्या साहाय्यानें त्याच वर्षीं मात्सुए या आडबाजूच्या गांवीं इंग्रजीचा शिक्षक झाला. वेतन दरमहा १०० येन. पुढील वर्षीं कुमामोतो येथें २०० येनांवर त्याची नेमणूक झाली. नंतर कांहीं काळ कोबे येथें वृत्तपत्रांत काम करून, इ. स. १८९६ मध्यें त्यानें जपानी प्रजाजनत्व घेतलें आणि पत्नीच्या कुळाचें नांव स्वीकारून तो कोइझुमी याकुमो झाला.

(३)

त्याच वर्षीं विद्यापीठाच्या वाङ्मय शाखेचे प्रमुख तोयामा मासाकाझु यांनीं त्यास इंग्रजी वाङ्मयाचा व्याख्याता म्हणून बोलाविलें. वेतन दरमहा ४०० येन ठरलें. हें विद्यापीठ इ. स. १८७७ मध्यें स्थापन झालेलें. आरंभीं तेथील बहुतेक विद्या परकी अध्यापकांच्या हातीं होत्या. या भाडोत्री परकीयांस जपानी लोक 'ओयातोई' म्हणत. इंग्रजीच्या आसनावर पूर्वीं जेम्स मेन डिक्सन यांच्यासारखे पदवीधर बसून गेले होते. हर्नपाशीं पदवी नव्हती. वाङ्मयाचें शास्त्र आपण पद्धतशीर शिकलों नाहीं, ही जाणीव त्याच्या पत्रांतून वारंवार दिसते. तरीहि तोयामा यांनीं त्याची निवड केली. तोयामा स्वतः अमेरिकेंत मिशिगन येथें शिकून आलेले. पदवीची किंमत त्यांस ठाऊक होती, आणि ती कोठें संपते हेंहि ठाऊक असावें, असें आमचें मत आहे.

आरंभींच त्यानें एक निश्चय केला. व्याकरणाचा व समीक्षाशास्त्राचा आव न आणतां, वाङ्मय म्हणजे मनुष्याच्या भावनेचें प्रकटीकरण, या एकाच सूत्रावर शिकवावयाचें. आपल्याकडील आलंकारिकांस हें सूत्र अपरिचित वाटणार नाहीं.

दुसरी गोष्ट पद्धतीची. विद्यार्थ्यांस इंग्रजी वाचतां येई, पण परकी मुखांतून वेगानें आलेलें वाक्य कानास झेपत नसे. म्हणून तो सोप्या शब्दांत, लहान वाक्यांत, हळूहळू सांगे आणि विद्यार्थी शब्दशः उतरून घेत. त्याच्यापाशीं नांवें व सन यांचें अल्पसें टिपण असे. बाकीचें सर्व स्मरणांतून. पुस्तक डोळ्यांशीं अगदीं टेंकविल्यावांचून त्यास वाचतां येत नसे, हेंहि यास कारण झालें असेल. येणेंप्रमाणें शिक्षकाच्या अधू दृष्टीमुळें व शिष्यांच्या अनभ्यस्त कानांमुळें एक वाङ्मय जन्मास आलें.

विषयाची मांडणीहि शिष्यांकडे पाहूनच केलेली. छापील संग्रहाच्या अग्रभागीं जें व्याख्यान आहे, त्याचा विषय जपानी विद्यार्थ्यास पाश्चात्त्य काव्य समजण्यांतील दुर्लंघ्य अडचण हा आहे. पाश्चात्त्य काव्यांत स्त्रीविषयीं जो पूज्यभाव सर्वत्र भरलेला असतो तो त्या समाजाबाहेरच्यास अनाकलनीय वाटतो, हें तो झांकून न ठेवतां प्रथमच सांगतो. उलट, जेथें दोन्ही देशांची रुचि जुळेल असे विषयहि तो हुडकून काढी. जपानी काव्यांत कीटकांस मोठें स्थान आहे. म्हणून यूरोपीय काव्यांतील कीटकांवर त्यानें व्याख्यानें दिलीं.

(४)

इ. स. १९०० मध्यें तोयामा वारले आणि हर्नचा आधार गेला. परकीयांच्या जागीं देशी अध्यापक नेमण्याचें धोरण तोंवर दृढ झालें होतें. इ. स. १९०३ च्या आरंभीं नेमणूक पुढें चालणार नाहीं असें त्यास कळविण्यांत आलें. विद्यार्थ्यांनीं विरोध केला, पण उपयोग झाला नाहीं. त्याच्यामागून आलेल्यांत नात्सुमे सोसेकी हे होते. डिक्सन यांचे शिष्य, लंडनहून नुकतेच परतलेले, पुढें कादंबरीकार म्हणून विख्यात झालेले. त्यांचें विद्यापीठांतील वेतन सालीना ८०० येन. हर्नला तितकें दोन महिन्यांत मिळे. हर्नच्या शिकवणीस सरावलेले विद्यार्थी सोसेकींच्या पृथक्करणात्मक व्याख्यानांनीं प्रथम नाराजच झाले. सोसेकींच्या 'सान्शिरो' या इ. स. १९०८ मधील कादंबरींत एक पात्र म्हणतें कीं, कोइझुमी याकुमो शिक्षकांच्या खोलींत जाण्याचें टाळून बाहेरच फेऱ्या घालीत. कादंबरी हा पुरावा नव्हे; परंतु लिहिणारा त्याच जागेवर बसलेला होता, हें लक्षांत ठेविलें पाहिजे.

हर्न इ. स. १९०४ च्या २६ सप्टेंबर रोजीं वारला.

(५)

आतां वह्यांचा वृत्तांत. हर्नच्या लेखनाची व्यवस्था त्याचा स्नेही मिचेल मॅकडॉनल्ड, अमेरिकन आरमारांतील अधिकारी, याजकडे होती. शिष्यांनीं आपल्या वह्या पुढें केल्या. कोलंबिया विद्यापीठांतील अध्यापक जॉन अर्स्किन यांनीं त्यांतून निवड करून इ. स. १९१५ मध्यें दोन खंड व इ. स. १९१६ आणि १९१७ मध्यें आणखी एकेक ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासावरील व्याख्यानें इ. स. १९२७ मध्यें टोकियोंत छापलीं गेलीं. मध्यंतरीं इ. स. १९२३ च्या भूकंपांत व आगींत विद्यापीठाचें ग्रंथालय जळालें. त्या अनर्थानंतर हर्नच्या कुटुंबानें त्याचा खाजगी ग्रंथसंग्रह सुरक्षित स्थळीं ठेवण्याचें ठरविलें, आणि दोन हजारांहून अधिक ग्रंथ तोयामा नगरांतील विद्यालयास मिळाले. ते आज तेथील विद्यापीठांत आहेत.

(६)

या मुद्रित व्याख्यानांचें प्रामाण्य किती? स्वतः हर्न त्यांस छापण्यायोग्य समजत नव्हता. तोंडानें सांगितलेल्यास घाट कसा येणार, असा त्याचा अभिप्राय होता. आमच्या मतें तीन पायऱ्या वेगळ्या ओळखाव्या: गुरूनें सांगितलें तें, शिष्यानें लिहिलें तें, आणि संपादकानें छापिलें तें. हर्नच्या बाबतींत पहिल्या दोन पायऱ्यांतील अंतर अल्प आहे, कारण सांगणें सावकाश आणि लिहिणें शब्दशः होतें. तिसरीविषयीं मात्र सावध राहावें. निवड म्हणजेहि एक प्रकारचें संपादन होय.

याचा उत्कृष्ट दाखला त्याच काळांतला आहे. जिनिव्हा येथें संस्कृत शिकविणारे फेर्दिनां द सोस्यूर यांचीं भाषाशास्त्रावरील व्याख्यानें त्यांच्या पश्चात् इ. स. १९१६ मध्यें शिष्यांच्या टिपणांवरून ग्रथित झालीं. चाळीस वर्षांनीं, इ. स. १९५७ मध्यें, रोबेर गोदेल यांनीं मूळ वह्यांचा शोध प्रसिद्ध केला, तेव्हां संपादकांचा हात किती फिरला होता हें जगास कळलें. वह्या राहिल्या होत्या म्हणूनच कळलें. सोसेकींचीहि तीच कथा: त्यांचा 'बुन्गाकुरोन' हा ग्रंथ इ. स. १९०७ मध्यें त्यांच्या हयातींत, त्यांच्या नजरेखालून निघाला, परंतु इ. स. १९०३ मधील पहिलीं व्याख्यानें त्यांच्या मृत्यूनंतर, इ. स. १९२४ मध्यें, शिष्यांच्या टिपणांवरूनच निघालीं.

महाराष्ट्रीय वाचकांस हें नवें नाहीं. चक्रधरस्वामींनीं ग्रंथ लिहिला नाहीं. म्हाइंभटांनीं शिष्यांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. मूळ प्रत नष्ट झाल्यावर तें स्मरणांतून पुन्हा उभारावें लागलें, आणि पाठभेदांचा प्रश्न आजहि संशोधकांपुढें आहे.

(७)

शेवटीं एक स्वतःची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. विद्यार्थिदशेंत आम्ही एका शास्त्रीबुवांपाशीं 'काव्यप्रकाश' वाचला. द्वितीय उल्लासावर ते जें सांगत तें कोणत्याहि छापील टीकेंत आम्हांस पुढें आढळलें नाहीं. तें आम्हीं एका वहींत उतरून घेतलें होतें. ती वही माळ्यावर ठेविली, आणि निवृत्तीनंतर काढावयास गेलों तेव्हां वाळवीनें पुठ्ठ्यांखेरीज कांहींच ठेविलें नव्हतें. शास्त्रीबुवा निवर्तले आहेत. त्यांनीं काय सांगितलें हें आम्हांस आज सांगतां येत नाहीं. कांहींतरी अपूर्व सांगितलें होतें, एवढेंच आठवतें. सहाध्यायांपैकीं कोणापाशीं दुसरी वही असेल, या आशेनें आम्ही पत्रें घातलीं. अद्यापि यश नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, दप्तर चाळतांना अशी वही हातीं आली तर ती बाजूस टाकूं नये. लिहिणाऱ्याचें नांव, सांगणाऱ्याचें नांव, स्थळ व साल यांची नोंद करावी. एकाच गुरूच्या दोन शिष्यांच्या वह्या मिळाल्या तर दोन्ही ठेवाव्या, एक शुद्ध दिसते म्हणून दुसरी फेंकूं नये. आणि शक्य तर मंडळास कळवावें. टोकियोंतील विद्यार्थ्यांनीं हें केलें, म्हणून पदवी नसलेल्या त्या एका परकी अध्यापकाचा वर्ग आज आपल्यासहि भरलेला पाहतां येतो. इत्यलम्.