शालीखालचा टेपरेकॉर्डर

माझ्याकडे एक कॅसेट आहे. ती लावली की पहिली दोन-तीन मिनिटं नुसता पाऊस ऐकू येतो. लोणावळ्याचा पाऊस, पत्र्यावर कोसळणारा. मग कुणीतरी खाकरतं. तंबोरे जुळू लागतात. दूर घाट चढणाऱ्या गाडीचा भोंगा वाजतो. आणि या सगळ्याच्या मागून, शेजारच्या खोलीतून यावा तसा, एक म्हातारा आवाज षड्ज लावतो. ही कॅसेट चोरीची आहे. आणि चोर मीच आहे.

१९८९ चा ऑगस्ट महिना. मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. तुंगार्लीतल्या एका बंगल्यात खासगी मैफल होती. गाणारे बुवा सत्तरी ओलांडलेले. त्यांचं नाव मी सांगणार नाही, कारण पुढे कळेल. यजमानांनी आधीच बजावलं होतं, 'बुवांची एकच अट आहे. मशीन चालणार नाही.' माझे मामू कुवेतला होते. त्यांनी आणलेला छोटा टेपरेकॉर्डर मी पिशवीत घालून नेला आणि मांडीवरच्या शालीखाली लपवला. मला गाण्यातलं फार कळत नव्हतं. पण हे पुन्हा ऐकायला मिळणार नाही, एवढं कळत होतं.

अशा चोरट्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास जुना आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायोनेल मेपलसन यांनी १९०१ ते १९०३ या काळात मेणाच्या नळकांड्यांवर चालू प्रयोगातले तुकडे टिपले. दोन-दोन मिनिटांचे तुकडे, आणि खरखर इतकी की गाणारा वादळात उभा आहे असं वाटावं. पण झां द रेश्के या त्या काळच्या थोर गायकाचा आवाज आज ऐकायचा तर त्याच खरखरीत कान घालावा लागतो. पुढे रॉक संगीताच्या जमान्यात तर चाहत्यांनी याचा छंदच केला. १९६९ साली बॉब डिलनच्या अप्रकाशित गाण्यांची चोरटी तबकडी अमेरिकेत हातोहात खपली. लेड झेपेलिन या वाद्यवृंदाचे व्यवस्थापक पीटर ग्रँट असल्या लोकांवर इतके खवळलेले असत की, १९७१ मध्ये व्हँकूव्हरला त्यांनी एकाचं यंत्र फोडून टाकलं. तो माणूस ध्वनिप्रदूषण मोजायला आला होता! तरी माइक मिलार्ड नावाच्या चाहत्याने त्यांना चकवलंच. तो चाकाच्या खुर्चीत बसून सभागृहात शिरायचा आणि जड यंत्र त्या खुर्चीत दडवायचा. १९७७ मध्ये लॉस एंजेलिसला त्याने केलेलं मुद्रण आजही नमुना म्हणून वाखाणलं जातं. उलट ग्रेटफुल डेड या मंडळींनी १९८४ साली टेप करणाऱ्यांसाठी बसायची वेगळी जागाच राखून ठेवली.

आपल्याकडचा प्रश्न मात्र वेगळा होता. आपल्या गवयांच्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गायकाने तेवढ्यात अख्खा राग उभा केला, हे खरं. पण तासभर फुलणारा ख्याल तबकडीत मावणार कसा? तो मैफलीतच ऐकायचा. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला. पुढे तिथे रात्र-रात्र गाणं चालायचं, आणि श्रोत्यांमध्ये यंत्र घेऊन बसणारे दर्दी असायचेच. आधी स्पूलवाले आले. मग १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ती आपल्याकडे घरोघरी पोचली. कुमारांची अमुक मैफल, वसंतरावांची तमुक मैफल, असा कॅसेटींचा व्यवहार चालायचा. पैसे घ्यायचे नाहीत, कॅसेटच्या बदल्यात कॅसेट, हा त्यातला अलिखित नियम.

या मुद्रणांचा दर्जा कसा असायचा? वाईट. पण वाईटालाही कारणं असतात, आणि ती समजली की कान तयार होतो. स्पूलची फीत साधारणपणे सेकंदाला एकोणीस सेंटिमीटर धावायची, कॅसेटची पाच सेंटिमीटरहूनही कमी. फीत हळू धावली की बारकावे कमी टिपले जातात, आणि फितीची स्वतःची सळसळ जास्त ऐकू येते. नकलेची नकल काढली की ती सळसळ वाढत जाते. साध्या यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप राखणारी सोय असे. बुवा हळुवार गाऊ लागले की यंत्र आवाज चढवतं, म्हणून पाऊस आणि पंखा अंगावर येतात. तबल्याची थाप पडली की यंत्र दचकून मागे सरकतं, आणि समेवरचा स्वर नेमका दबून जातो. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते. ती उलटेपर्यंत अंतरा निघून गेलेला असतो. त्यात आमचं मावळ. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. माणसाच्या हाडांत शिरणारी ओल फितीला थोडीच सोडते? माझ्या कॅसेटवर दोनदा पांढरी बुरशी आली. दोन्ही वेळा मी ती मऊ कापडाने वीत-वीत पुसून काढली.

गवई मुद्रणाला विरोध का करत, हेही नीट समजून घेतलं पाहिजे. तो निव्वळ हट्ट नव्हता. विद्या हीच त्यांची इस्टेट. वर्षानुवर्षं पाणी भरून मिळालेली चीज कुणी बटण दाबून उचलून न्यावी, हे त्यांना कसं रुचावं? शिवाय एखाद्या रात्री गळा बसलेला असेल, तर ती रात्रच कायमची नोंदली जायची. केसरबाई केरकर या बाबतीत फार कडक होत्या. आणि नियतीचा खेळ पाहा. १९७७ साली अमेरिकेची व्हॉयेजर यानं अवकाशात गेली, तेव्हा त्यांवरच्या सोनेरी तबकडीत केसरबाईंची भैरवी होती.

पण केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँसाहेब १९४६ मध्ये गेले, ते आपला आवाज मागे न ठेवता. १९२२ साली गेलेल्या भास्करबुवा बखल्यांचंही तेच. बालगंधर्वांचे हे गुरू गात कसे होते, ते आता फक्त वाचायचं. अशा वेळी मनात येतं, एखाद्या मैफलीत शालीखाली यंत्र लपवणारा एखादा नालायक पोरगा असता तर!

आमच्या मावळाला हा विचार नवा नाही. कुरवंड्याजवळ उगम पावलेली इंद्रायणी पुढे देहूला जाते. तुकोबांच्या वह्या तिच्यात बुडवल्या गेल्या, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. काही जण तिचा अर्थ असा लावतात की, वह्या बुडाल्या तरी अभंग बुडाले नाहीत, कारण ते ऐकणाऱ्यांच्या मुखी होते. चाकणचे संताजी जगनाडे तुकोबांचे अभंग लिहून ठेवायचे. त्यांची समाधी आमच्याच तालुक्यात, सुदुंबऱ्याला आहे. त्यांच्या वहीवरून पुढे वि. ल. भावे यांनी गाथा छापला. म्हणजे गाणाऱ्याचं धन ऐकणाऱ्याने सांभाळलं. फरक इतकाच की संताजींनी ते उघडपणे लिहिलं. मी शाल पांघरली होती.

काही वर्षांपूर्वी बुवांचे एक शिष्य माझ्याकडे आले. तेही आता सत्तरीचे. अशी कॅसेट आहे, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. मी खाली मान घालून ती लावली. आलापाच्या दोन मिनिटांतच ते म्हणाले, 'पट्टी चढली आहे. बुवा काळी एकला गायचे, ही पांढरी दोन लागतेय.' मग उलगडा झाला. त्या रात्री यंत्रातले सेल उतरत आले होते. फीत हळू फिरत मुद्रण झालं, आणि पुऱ्या वेगाने वाजवताना स्वर अर्धा सूर वर गेला. एका मुलाने संगणकावर वेग सहा टक्क्यांनी उतरवून दिला. तेव्हा जो आवाज बाहेर आला तो जड होता, दमलेला होता, आणि फार सुंदर होता. तीस वर्षं मी एका तरुण बुवांना ऐकत होतो. ते त्या दिवशी म्हातारे झाले.

मियाँमल्हार पुढे सरकला. दोन निषादांच्या एका जागेवर त्या शिष्यांनी हात वर केला. तेवढा तुकडा तीनदा ऐकला. मग म्हणाले, 'ही जागा त्यांनी मला कधी दिली नाही.' बराच वेळ ते गप्प होते. मी विचारलं, 'नक्कल काढून देऊ का?' ते म्हणाले, 'बुवांनी दिली नाही ती तुमच्याकडून घेऊ का, तेच ठरवतोय.'

१९९४ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्याने कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क दिला, आणि १९९९ मध्ये त्याची मुदत पन्नास वर्षं केली. स्वतःपुरतं ऐकायला केलेल्या मुद्रणाला कायदा सूट देतो. पण मला कायद्याची नाही, बुवांची माफी हवी होती. त्या शिष्यांनी शेवटी नक्कल नेली. 'शिकेन, पण ही जागा मैफलीत घेणार नाही,' असं म्हणाले. आणि कॅसेट छापायला देऊ नका, असं मला सांगून गेले. म्हणून बुवांचं नाव इथे नाही.

त्या रात्री मैफल संपल्यावर मी बुवांच्या पाया पडलो. शाल तशीच छातीशी धरलेली. ते म्हणाले, 'आवडलं का रे गाणं?' मी म्हटलं, 'हो बुवा.' 'मग डोक्यात ठेव,' ते म्हणाले. त्यांच्या लक्षात आलं होतं का, मला आजही कळलेलं नाही.

दुसरी बाजू द्रुताच्या मध्यात तुटते. कॅसेट संपली होती, गाणं नाही. उरलेलं मी डोक्यात ठेवलेलं आहे. ते दरवेळी थोडं वेगळं ऐकू येतं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)