पैसे नव्हेत, बक्षीस

जुगाराचं यंत्र कोणी काढलं, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ‘हे यंत्र पैसे देतच नाही हो, फक्त बक्षीस देतं’ असं फौजदाराला पटवण्याची युक्ती कोणी काढली, हे मात्र कोणी सांगत नाही. वास्तविक सगळी अक्कल तिथंच खर्ची पडली आहे. यंत्र काय, आमच्या मांडव्याचा होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा मेस्त्रीसुद्धा करून देईल.

माझ्या लहानपणी इकडे यंत्र नव्हतं, आकडा होता. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीला मटका सुरू केला आणि १९६४ साली रतन खत्री यांनी आपली वेगळी चूल मांडली. त्याआधी आकडा न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर चाले. पुढं पत्ते आले. तीन पानं काढायची, बेरीज करायची, शेवटचा अंक घ्यायचा, की झाला ओपन. पुन्हा तीन पानं, की क्लोज. रेवसच्या धक्क्याला लाँच लागली की माणसं उतरायच्या आधी आकडा उतरायचा. मुंबईत नात्यातलं कोण आजारी आहे हे आजीला आठ दिवसांनी कळे. पण ओपन काय आला हे दूध घालायला येणारा गडी न विचारता सांगून जाई. मटका बेकायदा होता, आणि तसं तो कबूल करी. लागला तर रोकडा, नाही तर बोंब. ‘आम्ही करमणूक करतो’ असं कुठल्या बुकीनं म्हटल्याचं मला आठवत नाही.

यंत्राची जात निराळी. ते जन्मतःच सोवळं नेसून आलं. १८९१ साली ब्रुकलिनच्या सिटमन आणि पिट यांनी पाच नळकांड्यांवर पन्नास पत्ते चिकटवून एक यंत्र केलं. पत्ते बावन्न असतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नव्हे. इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम हे दोघे बहुधा रजेवर असत, म्हणजे मोठा डाव लागायची शक्यता निम्मीच. आणि लागलाच तर पैसे नाहीत! गुत्तेवाला बिअर पाजी किंवा सिगार देई. पुढं सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फे यांनी तीन नळकांड्यांचं, स्वतः नाणी ओकणारं यंत्र केलं. तेव्हा कायदा आडवा आला. लगेच यंत्रं च्युइंगगम देऊ लागली. त्या गमच्या चवी म्हणून चेरी आणि इतर फळांची चित्रं आली, ती अजून गेलेली नाहीत. जपानात पाचिंको खेळून लोखंडी गोळ्या मिळतात, गोळ्यांवर वस्तू मिळते आणि ती वस्तू दुकानाबाहेरच्या खिडकीत दिली की पैसे. खिडकीचा आणि दुकानाचा कागदोपत्री काडीचा संबंध नसतो.

पण या सोवळ्याचा कळस केला तो कोरियानं. तिथल्या सांस्कृतिक खात्यानं २००२ साली खेळयंत्रांना बक्षीस म्हणून कुपनं द्यायला परवानगी दिली. हेतू थोर होता: माणूस खेळेल, जिंकेल आणि त्या कुपनावर पुस्तक घेईल. आपल्याकडं ग्रंथालय चळवळीला हे सुचलं नाही म्हणून बरं. २००४च्या सुमाराला ‘बादा इयागी’ म्हणजे ‘समुद्राची गोष्ट’ नावाचं यंत्र आलं. पडद्यावर निळा समुद्र, त्यात मासे. शार्क दिसला की आशा, देवमासा दिसला की घबाड. यंत्रातून पाच हजार वॉनची कुपनं पडत. ती घेऊन पुस्तकाच्या दुकानात कोण जातो? शेजारच्या टपरीत कमिशन कापून रोख मिळत असे. माणसं घरदार विसरून माशांसमोर बसू लागली. २००६ साली गौप्यस्फोट झाला, धाडी पडल्या, सरकारला माफी मागावी लागली आणि २००७ साली कुपनं बंद झाली.

ही हकिगत मी आमच्या शेजारच्या कोळीणबाईंना सांगितली. म्हटलं, पडद्यावर देवमासा आला की माणूस श्रीमंत. त्यांनी कोयत्यावरची नजर न काढता सांगितलं, “जाल्यान देवमासा आयला त जालंच जातंय. नफा कशाचा?”

आमच्या मामांचं जाळं असंच गेलं. १९८२च्या संपात गिरणी गेली आणि मामा मांडव्याला आले. हिशेबाची थोडी रक्कम पुढं बऱ्याच वर्षांनी हातात पडली, ती आणायला म्हणून मुंबईस गेले. स्टेशनाजवळ एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. पुढल्या भागात पोरं मोटारी पळवीत. मागं पडदा, आणि पडद्यामागं चेरी फिरवणारी यंत्रं. जिंकलं की पैसे नाहीत हो, फक्त ‘पॉइंट’! पॉइंटची चिठ्ठी शेजारच्या पानवाल्याकडं वटे. मामा दोन वर्षं ‘हिशेबाचं बघून येतो’ म्हणून लाँच पकडत. एकदा खरंच जिंकले आणि मामीला प्रेशर कुकर आणला. कौलं बदलायला ठेवलेले सहा हजार संपल्याचं कळलं, त्या दिवसापासून मामी त्याला ‘सहा हजारांचा कुकर’ म्हणू लागली. पावसाळ्यात गळणाऱ्या ठिकाणी ती पातेली मांडी, पण कुकर कधी मांडला नाही. तो फळीवर उंच ठेवी, मामांना जेवताना समोर दिसेल असा.

असली यंत्रं चालवणाऱ्यांचा खटला कर्नाटकातून सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९९५ साली कोर्टानं सांगितलं की व्हिडिओ गेम म्हटल्यानं नशिबाचा खेळ कौशल्याचा होत नाही. आमच्या सरकारची तऱ्हा आणखी मजेची. १९७६ साली लास व्हेगासमध्ये सोनीच्या टीव्हीचा पडदा लावलेलं पहिलं व्हिडिओ जुगारयंत्र उभं राहिलं, आणि त्याच साली महाराष्ट्रानं कॅसिनोचा कायदा केला. एवढी चपळाई! मग तो कायदा लागूच केला नाही. गोव्यानं १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं बसवू दिली. आमचा कायदा झोपलेलाच. २०२३ साली मंत्रिमंडळानं तो रद्द करायचं ठरवलं. सत्तेचाळीस वर्षांत त्यानं एक पैसा मिळवला नाही की घालवला नाही. असा निर्व्यसनी कायदा विरळा.

तोवर यंत्र खिशात आलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्यानंतर एकदा भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं येत होतो. शेजारचा मुलगा मोबाइलवर चेरी फिरवीत होता. मी पाहतोय म्हटल्यावर म्हणाला, “काका, पैसे बंद झालेत. आता नुसती नाणी मिळतात.”

“आणि ती नाणी कुठं वटतात?” मी विचारलं.

तो हसला आणि मांडव्याचा धक्का येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.