आफ्रिकी सिक्लिडचे पहिले मत्स्यालय

गोड्या पाण्यातील मासे रंगांच्या बाबतीत समुद्री माशांपुढे फिके पडतात, असा सर्वसाधारण समज आहे. त्याला छेद देणारे मासे म्हणजे आफ्रिकी सिक्लिड. पूर्व आफ्रिकेतील मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या महासरोवरांत त्यांच्या शेकडो जाती असून त्यांतील बहुतेक जगात अन्यत्र नैसर्गिकरीत्या आढळत नाहीत. मलावीच्या खडकाळ किनाऱ्यालगत राहणारे ‘म्बुना’ मासे त्यांत विशेष लोकप्रिय आहेत. जेमतेम चार-पाच इंचांचे हे मासे दिसायला मोहक, पण स्वभावाने भांडखोर. त्यामुळे त्यांच्या मत्स्यालयाची आखणी मासे आणण्यापूर्वीच करावी लागते.

टाकी आणि मांडणी

म्बुना माशांसाठी टाकीच्या उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकी सुरुवातीस योग्य ठरते. तीत सुमारे अडीचशे लिटर पाणी मावते. काच, दगड व वाळू धरून एकूण वजन तीनशे किलोंच्या पुढे जाते, म्हणून भक्कम लोखंडी स्टँड आणि सपाट जमीन हवी.

दगड रचताना ते आधी तळाशी थर्माकोलच्या पातळ पत्र्यावर ठेवावेत आणि मग वाळू पसरावी. हे मासे वाळू सतत उकरतात. वाळूवर रचलेला दगड घसरून काच फुटू शकते. दगडांत भरपूर कपारी राखाव्यात. दुबळ्या माशाला लपण्यासाठी त्या आवश्यक असतात. नाजूक वनस्पती मात्र हे मासे टिकू देत नाहीत.

पाण्याचा स्वभाव

मलावीचे पाणी अल्कधर्मी आहे. टाकीतील सामू ७.८ ते ८.६ आणि तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस राखावे. मुंबईला तलावांतून येणारे पाणी मृदू असते, तर राज्यात अनेक ठिकाणी बोअरचे पाणी क्षारयुक्त व जड असते. सिक्लिडना हे दुसरे अधिक मानवते. मृदू पाण्यात चुनखडीचे खडे किंवा शिंपल्यांचा चुरा घालावा. प्रवाळ मात्र वापरू नये, कारण भारतात त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. नळाच्या पाण्यातील क्लोरिन काढूनच ते टाकीत सोडावे.

घाई नडते

नवशिक्यांची सर्वाधिक हानी पहिल्या महिन्यात होते. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये वाढणारे जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि पुढे तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. अल्कधर्मी पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो, म्हणून सिक्लिडच्या टाकीत ही प्रतीक्षा टाळता येत नाही. जुन्या, निरोगी टाकीतील फिल्टरचा स्पंज मिळाल्यास हा काळ कमी होतो. चाचणीसंचावर अमोनिया व नायट्राइट शून्य दाखवू लागल्यावरच मासे आणावेत. फिल्टरने तासाला टाकीतील पाणी किमान पाच-सहा वेळा फिरवले पाहिजे.

कोणते मासे, किती मासे?

दुकानांत निरनिराळ्या जातींची पिल्ले ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून एकत्र विकली जातात. ती घेणे टाळावे. त्यांत ऑराटस किंवा केन्यी यांसारख्या अतिआक्रमक जाती असू शकतात, शिवाय जातींचा संकर होतो. पहिल्या टाकीसाठी पिवळा यलो लॅब, जांभळट-तपकिरी रस्टी आणि निळ्या पट्ट्यांचा अफ्रा या वेगवेगळ्या रूपाच्या तीन जाती पुरेशा आहेत. सारख्या दिसणाऱ्या नरांमध्ये वैर अधिक असते. प्रत्येक जातीची सहा-सात पिल्ले घ्यावीत आणि वाढ झाल्यावर एका नरामागे तीन-चार माद्या राहतील असे पाहावे. टाकी किंचित दाट असली की आक्रमकता एकाच माशावर न एकवटता विभागली जाते. त्याची किंमत म्हणून दर आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदलावेच लागते. वीज गेल्यास दाट टाकीत प्राणवायू झपाट्याने घटतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा.

आहार आणि प्रजनन

बहुतेक म्बुना खडकांवरील शेवाळ खरवडून खातात. स्पिरुलिनायुक्त खाद्य दिवसातून दोनदा, थोडेच द्यावे. लाल अळ्यांसारखे जड मांसाहारी खाद्य त्यांना बाधते. पोट फुगणे, खाणे सोडणे आणि पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा ही ‘मलावी ब्लोट’ या घातक विकाराची लक्षणे होत. मात्र खाणे सोडलेल्या प्रत्येक मादीला आजारी समजू नये. अंडी घातल्यावर मादी ती सुमारे तीन आठवडे तोंडात सांभाळते व त्या काळात जवळपास उपाशी राहते.

पिल्ले वाढली की ती कोठे ठेवायची, हा प्रश्न उभा राहतो. ती तलावात वा नदीत कदापि सोडू नयेत. महाराष्ट्रात ‘चिलापी’ म्हणून ओळखला जाणारा टिलापिया याच आफ्रिकी कुळातला. १९५२ मध्ये तो भारतात आणला गेला आणि पुढे अनेक जलाशयांत पसरून स्थानिक माशांचा प्रतिस्पर्धी ठरला. जादा पिल्ले दुकानदाराला परत करावीत किंवा अन्य हौशी पालकांना द्यावीत. तशी सोय आधीच पाहून ठेवणे उत्तम.