बोलीचे इमान

उरणच्या दक्षिणेस समुद्रावर नजर ठेवून उभा असलेला द्रोणागिरी म्हणजे पर्वत उचलून नेणाऱ्या हनुमंताच्या हातून निसटलेला एक खंड होय, अशी त्या परिसरातील लोकांची श्रद्धा आहे. त्याच्या माथ्यावरील पडक्या किल्ल्याने पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज अशा तीन सत्ता पाहिल्या. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी आणि घारापुरी यांच्यासह करंजा बेट, म्हणजे हा डोंगर आणि त्याच्या आश्रयाने वसलेले उरण, कंपनी सरकारकडे कायम राहिले. पनवेल मात्र १८१८ पर्यंत पेशव्यांच्या अमलाखाली होते. परस्परांपासून हाकेच्या नव्हे, तरी एका भरतीच्या अंतरावर असलेल्या या दोन मुलखांपैकी पेशवाईच्या मुलखात त्या काळी जो लिलाव होत असे, त्यापासूनच बोलीच्या इमानाचा विचार सुरू करणे उचित होईल, कारण तेथे विक्रीस निघालेली वस्तू साधी नव्हती. ती प्रत्यक्ष राज्यकारभाराची सत्ता होती.

थोरल्या माधवरावांच्या आणि नाना फडणिसांच्या काळी मामलेदार हा अनुभव व सचोटी पाहून नेमला जाई, आणि त्याच्या हिशेबावर देशमुख-देशपांड्यांच्या दप्तराचा वचक असे. दुसऱ्या बाजीरावाने ही शिस्त मोडून मामलती बोलीवर चढवल्या. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात नोंदवले आहे की, पेशव्यांच्या भोवतालच्या मंडळींना चढाओढीने बोली करण्यास उत्तेजन दिले जाई, जो मागे सरे त्याच्यावर प्रसंगी गैरमर्जी होई, आणि इतके करूनही ज्याची बोली मान्य झाली त्याच्याकडे मामलत टिकेल याची शाश्वती नसे, कारण पुढील वर्षी अधिक रक्कम देणारा पुढे आला की तीच मामलत त्याच्या हवाली होई. मक्तेदाराने ती रक्कम पोटमक्तेदारांकडून, त्यांनी पाटलांकडून आणि पाटलांनी अखेर रयतेकडून उगवावी, असा हा क्रम होता. ज्याला बोली करण्याची मोकळीक आहे त्याला ती न करण्याचीही मोकळीक असली पाहिजे, आणि एकदा स्वीकारलेली बोली स्वीकारणाऱ्यानेही पाळली पाहिजे, हे लिलावाचे दोन मूलभूत धर्म आहेत. बाजीरावाच्या दरबाराने ते दोन्ही एकाच वेळी बुडवले, आणि त्याचे प्रायश्चित्त त्या बोलीत ज्याला तोंडच नव्हते त्या कुणब्याने भोगले.

राज्य बदलले तरी बाजारपेठांतील अनीती बदलली नाही. तिने केवळ रुमाल पांघरला. महाराष्ट्रातील पेठांतून हत्ता पद्धत म्हणून जी वहिवाट दीर्घकाळ चालत आली, तिच्यात अडत्या आणि खरेदीदार हातांवर कापड टाकून त्याखाली एकमेकांची बोटे दाबत, आणि त्या बोटांच्या खुणांनी भाव ठरे. ज्याचा माल, तो शेतकरी दोन पावलांवर उभा असूनही कोणी किती देऊ केले हे त्याला कळत नसे. त्यावर अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय आणि कटती अशा नाना नावांची वजावट होऊन जी रक्कम हाती पडे, ती मोजून घेऊन त्याने बैल जुंपावेत. या पद्धतीच्या समर्थनार्थ असे सांगितले जाई की, गुप्ततेमुळे एका व्यापाऱ्याची बोली दुसऱ्यास कळत नाही आणि म्हणून प्रत्येकजण आपला खरा भाव सांगतो. हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. गुप्त बोली न्याय्य असू शकते, परंतु ती नंतर सर्वांसमक्ष उघडली जाते म्हणूनच; रुमालाखालचा आकडा कधीच उघडत नव्हता.

या व्यवहारास प्रतिबंध घालण्याचा पहिला यत्न वऱ्हाडात झाला, आणि उरणच्या करंजाशी जवळजवळ नामसादृश्य असलेल्या कारंजा लाड या गावी १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने देशातील पहिला नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला. पुढे १८९७ चा वऱ्हाडचा कायदा, १९२७ चा मुंबई इलाख्याचा कापूसबाजारविषयक कायदा, १९३९ चा शेतमाल बाजारांचा कायदा आणि अखेर १९६३ चा महाराष्ट्राचा कायदा अशा पायऱ्यांनी उघड लिलावाचे तत्त्व आपल्याकडे रुजले. शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर बोली व्हावी, एवढी साधी गोष्ट कायद्याच्या भाषेत स्थिर होण्यास पाऊणशे वर्षे लागली.

द्रोणागिरीच्या पायथ्याच्या करंजाचे कोळी मात्र उघड लिलाव पूर्वीपासून ओळखत होते. त्यांची मासळी १८७५ साली बांधल्या गेलेल्या मुंबईच्या ससून गोदीत किंवा भाऊच्या धक्क्यावर जाई. तेथे भल्या पहाटे पापलेट, सुरमई, घोळ, कोळंबी यांचे ढीग ओल्या फरशीवर मांडले जात, भोवती व्यापारी आणि डोक्यावर पाटी घेऊन आलेल्या कोळणी उभ्या राहत, आणि पुकारणाऱ्याच्या आवाजावर बोली चढत जाई. येथे लपवण्यास वावच थोडा, कारण मासळीची ताजगी कल्ला उघडून पाहता येते, आणि उन्हे वर येण्यापूर्वी व्यवहार आटोपलाच पाहिजे. तरीही ज्या तांडेलाने डिझेल-बर्फासाठी दलालाकडून उचल घेतली, त्याची मासळी त्याच दलालाकडे जाण्यास बांधलेली असे. लिलाव उघड, परंतु लिलावास येणारा माणूस बद्ध, अशी ही विषम स्थिती होती. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांचे खरे कार्य या बंधनातून त्याला सोडवण्याचे होते, आणि माझ्या मते भावाच्या चार पैशांपेक्षा ते अधिक मोलाचे आहे.

याच डोंगराचे नाव सिडकोने आपल्या एका उपनगरास दिले, आणि तेथील भूखंड आज ई-लिलावाने विकले जातात. ही पद्धत निर्दोष असेलही. परंतु ज्यांच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर हे नगर उभे राहिले, त्यांच्या जमिनी घेताना भाव सरकारने ठरवला होता, त्यांना बोलीचा अधिकार नव्हता. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाचजणांचे प्राण गेले, आणि त्या संघर्षातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. विक्रीच्या वेळी स्पर्धा आणि संपादनाच्या वेळी हुकूम, हा भेद या परिसरातील माणूस विसरलेला नाही.

आता नाणी, टपाल तिकिटे आणि धातूचे छोटे बिल्ले जमवणारी मंडळी घरबसल्या जे ऑनलाइन लिलाव करतात, त्यांच्याकडे या पूर्वेतिहासाच्या प्रकाशात पाहावेसे वाटते. शेवटच्या क्षणी झडप घालून वस्तू पटकावण्याची त्यांची तक्रार नवी नाही: सतराव्या शतकातील लंडनमध्ये मेणबत्ती विझेपर्यंत बोली चाले, आणि सॅम्युएल पेपिसने १६६२ मध्ये आपल्या रोजनिशीत अशा एका चतुर इसमाची नोंद केली आहे, ज्याने विझण्यापूर्वी धूर खाली उतरतो हे हेरून नेमक्या त्या क्षणी बोली केली. बिल्लेवाल्यांच्या लिलावांत तर अनेकदा पैशाऐवजी बिल्ल्याच्या मोबदल्यात बिल्लाच देऊ करतात, जशी कोकणात भाताच्या मापावर सुकी मासळी दिली जाई. पैशाच्या बोलीत मोठा आकडा कोणता हे लहान मुलासही कळते; वस्तूच्या बोलीत ते केवळ मालकाच्या मनास ठाऊक असते. शिवाय आपला १९३० चा मालविक्री कायदा, ज्याच्या ६४ व्या कलमाने खोट्या बोलीने भाव चढवल्यास खरेदीदारास सौदा रद्द करण्याचा अधिकार दिला आहे, तो पैशाच्या मोबदल्यास किंमत मानतो; वस्तूंच्या अदलाबदलीस ते कलम सरळ लागू पडत नाही. म्हणजे येथे दाद मागण्याचे स्थान जवळजवळ नाही, आणि जे आहे ते परस्परांचे इमान.

म्हणून या तरुण संग्राहकांना माझी विनंती आहे की, बिल्ल्याचा ओरखडा छायाचित्रात झाकू नये, दुसऱ्या नावाने स्वतःच्याच वस्तूवर बोली करू नये, लिलाव चालू असता कोणाशी खाजगीत सौदा उरकू नये, आणि मुदत संपल्यावर कोणाची बोली व का स्वीकारली हे सर्वांना सांगावे. हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेण्याची मुभा कायद्याने दिली आहे. ती आपण होऊन न वापरणे हे सभ्यतेचे लक्षण समजावे.