आउतिओतुपा

आउतिओतुपा ही फिनलंडच्या अरण्यांत, सरोवरांच्या व नद्यांच्या काठी, पायी किंवा स्कीवर फिरणाऱ्या प्रवाशांसाठी कुलूप न लावता उघडी ठेवलेली विनामूल्य मुक्कामाची लाकडी कुटी होय. फिनिश भाषेत ‘आउतिओ’ म्हणजे निर्जन आणि ‘तुपा’ म्हणजे खोली किंवा लहान घर. या कुटीत राखणदार नसतो आणि तिचे आरक्षणही करता येत नाही. बहुसंख्य कुट्यांची देखभाल मेत्साहल्लितुस ही शासकीय वनसंस्था करते. देशाच्या उत्तर व पूर्व भागांत, विशेषतः लॅपलंडमध्ये, त्या अधिक आढळतात.

पार्श्वभूमी

फिनलंडचा सुमारे तीन चतुर्थांश भूभाग वनाच्छादित असून देशात लहानमोठी सुमारे १,८८,००० सरोवरे आहेत. विरळ वस्तीच्या या प्रदेशात शिकारी, मासेमार, रेनडियरपालक, लाकूडतोडे आणि सीमारक्षक यांनी आपापल्या कामासाठी झोपड्या बांधल्या. त्यांपैकी अनेक पुढे प्रवाशांसाठी खुल्या झाल्या, तर काही याच हेतूने नव्याने उभारल्या गेल्या. कडाक्याच्या थंडीत वाटसरूला निवारा नाकारायचा नाही, ही जुनी रीत या व्यवस्थेच्या मुळाशी आहे. भारतीय वाचकाला येथे धर्मशाळेची आठवण होईल. मात्र धर्मशाळेत व्यवस्थापक असतो, येथे कोणीही नसतो.

शेवटी येणाऱ्याचा हक्क

कुटीतील जागेचा नियम नवख्या प्रवाशाला उलटा वाटतो. जो सर्वांत शेवटी पोहोचतो, त्याचा जागेवर पहिला हक्क असतो. आधी आलेल्यांची विश्रांती झालेली असते, त्यांचे कपडे वाळलेले असतात, जेवण उरकलेले असते. उशिरा आलेला मात्र दमलेला, भिजलेला किंवा गारठलेला असण्याची शक्यता अधिक. त्यामुळे आधी आलेल्यांनी सरकून जागा करून द्यायची आणि खरोखरच जागा उरली नाही, तर सर्वांत आधी आलेल्यांनी बाहेर तंबू ठोकायचा किंवा पुढची वाट धरायची, अशी अपेक्षा असते. एका कुटीत एक, फार तर दोन रात्री राहता येते. व्यावसायिक सहलींच्या गटांनी तेथे मुक्काम करणे अपेक्षित नाही. सोबत कुत्रा असल्यास त्याला आत घेण्यापूर्वी इतरांची संमती घेतली जाते.

या नियमाचा नियोजनावर थेट परिणाम होतो. कुटी रिकामी मिळेल असे गृहीत धरून आखलेली सहल ही आखलेली सहलच नव्हे. म्हणून कुट्यांच्या मार्गावर जाणारा जाणता प्रवासीही तंबू सोबत ठेवतो, आणि मोठ्या गटाला तर तो अनिवार्यच समजला जातो. निश्चित जागा हवी असल्यास दुसरे दोन प्रकार उपलब्ध आहेत. ‘वाराउसतुपा’ या कुटीत खाटेगणिक शुल्क भरून जागा राखता येते. तिची किल्ली आधी घ्यावी लागते आणि कुटी अनोळखी प्रवाशांबरोबर वाटून घ्यावी लागते. ‘वुओक्रातुपा’ ही संपूर्ण कुटी एकाच गटाला भाड्याने दिली जाते. ‘पाइवातुपा’ ही मात्र केवळ दिवसाच्या विश्रांतीसाठी असते.

अंतर्गत सोयी, सरपण आणि पाणी

कुटीत सामान्यतः फळ्यांचा सलग ओटा, टेबल, बाके आणि ‘कामिना’ नावाची लोखंडी शेगडी असते. वीज व नळ नसतात. बाहेर सरपणाची खोपी आणि कोरडे शौचालय असते. स्लीपिंग बॅग, अंथरायची चटई, भांडी व अन्न प्रवाशाने स्वतः आणायचे असते. पाणी ओढ्यातून किंवा सरोवरातून आणतात व उकळून पिणे सुरक्षित मानले जाते. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून किंवा बर्फ वितळवून ते मिळवावे लागते. भांडी थेट सरोवरात धूत नाहीत. धुण्याचे पाणी काठापासून दूर जमिनीवर ओततात.

निघण्यापूर्वी कुटी झाडून, शेगडीजवळ फोडलेले सरपण व पेटवणासाठी ढलप्या तयार ठेवणे हा शिष्टाचार सर्वांत कसोशीने पाळला जातो. लॅपलंडमध्ये हिवाळ्यात तापमान उणे ३० अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. बोटे बधिर झालेल्या माणसाला कुऱ्हाड धरता येत नाही, काडी मात्र कशीबशी ओढता येते. त्याच्यासाठी ढलप्यांची ती जुडी जीव वाचवणारी ठरू शकते. धुराड्याला झडप असल्यास निखारे पूर्ण विझेपर्यंत ती बंद करू नये. अन्यथा खोलीत विषारी कार्बन मोनॉक्साइड साचतो. वणव्याचा इशारा लागू असताना उघड्यावर आग पेटवण्यास मनाई असते. कचरा सोबत परत न्यावा लागतो.

कुटीतील अभ्यागत-वहीत नाव, तारीख आणि पुढच्या मुक्कामाची दिशा लिहिण्याची पद्धत आहे. क्षणभर थांबणाऱ्यानेही ती नोंद करावी असे सांगितले जाते. कोणी हरवल्यास शोधपथकाला त्याचा माग याच वहीतून लागू शकतो. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे, परंतु दुर्गम भागात भ्रमणध्वनी चालेलच असे नाही; त्यामुळे मार्ग व परतीचा दिवस घरी कळवून ठेवणे आवश्यक ठरते.

मार्गाची आखणी

हेत्ता ते पल्लास हा सुमारे ५५ कि.मी.चा मार्ग कुट्यांच्या आधारे केलेल्या सहलीचे चांगले उदाहरण आहे. १९३० च्या दशकात आखलेला हा मार्ग पल्लास-युल्लासतुन्तुरी राष्ट्रीय उद्यानातून जातो. उद्यानाचा जुना भाग १९३८ मध्ये संरक्षित झाला आणि २००५ मध्ये विस्तारानंतर त्याला सध्याचे नाव मिळाले. हेत्ता गावाकडून निघाल्यास आरंभीच औनसयार्वी सरोवर आडवे येते. उन्हाळ्यात ते नावेने पार करतात, म्हणून नावेची सोय आधी ठरवावी लागते. हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावरून स्कीने जाता येते. पुढे प्युहाकेरो, सिओसकुरू, तप्पुरी, पाहाकुरू, हन्नुकुरू, मोन्तेल्ली आणि नम्मालाकुरू येथे कुट्या लागतात. पाहाकुरू व हन्नुकुरू यांच्यातील अंतर केवळ २ कि.मी. आहे, एकीत दाटी झाल्यास दुसरी गाठणे शक्य होते. हन्नुकुरू येथे पाण्याकाठी साउनाही असल्याने गर्दी बहुधा तेथेच जास्त असते.

ओझ्यासह दिवसाला १० ते १५ कि.मी. चालणे सर्वसाधारण प्रवाशाला झेपते. टप्पे त्या बेताने ठरवून दरवेळी जवळची पर्यायी जागा नकाशावर हेरून ठेवतात. पूर्वेकडील औलान्का राष्ट्रीय उद्यानातून जाणारा कारहुनकिएर्रोस हा ८२ कि.मी.चा मार्गही असाच आखता येतो. त्यावरील युस्सिनकाम्प्पा ही कुटी कुल्मक्कायार्वी सरोवराच्या काठी आहे.

ऋतू

जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत उत्तरेत दिवस अतिशय मोठा असतो, पण डासांचा व चावऱ्या माशांचा उपद्रवही याच काळात होतो. सप्टेंबरमध्ये डास ओसरतात आणि पानगळीपूर्वीचे रंग पाहण्यासाठी प्रवासी गर्दी करतात. स्कीसाठी मार्च-एप्रिल पसंत केला जातो. मधल्या काळोख्या महिन्यांतील मुक्काम अनुभवी प्रवाशांपुरताच योग्य समजला जातो.

भारतातून जाणाऱ्यांसाठी

भारतीय नागरिकांना शेंगेन व्हिसा लागतो. हेलसिंकीहून रोवानिएमी व कोलारीपर्यंत रात्रीची रेल्वे जाते. पुढचा प्रवास बसने होतो. स्टोव्हच्या गॅसच्या टाक्या विमानात नेता येत नसल्याने त्या तेथेच विकत घ्याव्या लागतात.