दोनशे फुटांचा शेजार

न्यू जर्सीत तुमचं स्वतःचं घर असेल, तर एक पत्र कधी ना कधी तुमच्याही दारात आलं असेल. तुमच्यापासून दोनशे फुटांच्या आत कुणाला तरी झोनिंगच्या नियमात न बसणारं काही बांधायचं आहे, अमुक दिवशी टाऊनशिपच्या इमारतीत सुनावणी आहे, म्हणणं मांडायचं असेल तर या. ‘आपल्याला काय करायचंय?’ म्हणत आपल्यातले बरेच जण ते पत्र बिलांच्या गठ्ठ्याखाली सरकवतात. पण त्या पत्रामागे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि आपल्यासारखी बाहेरून आलेली माणसं त्यात पहिल्यापासून आहेत.

सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोपासून करू. १८८० मध्ये तिथे नियम झाला, की लाकडी इमारतीत लॉन्ड्री चालवायची असेल तर शहराच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सची परवानगी हवी. आगीचं भय खरं होतं, त्यामुळे नियम वाचताना कुणाला त्यात वावगं दिसलं नसतं. अर्ज आले तेव्हा मात्र सुमारे २०० चिनी लॉन्ड्रीवाल्यांना नकार मिळाला, आणि चिनी नसलेल्या सुमारे ८० जणांना, एक अपवाद सोडून, होकार. यिक वो नावाच्या लॉन्ड्रीचा चालक दंड भरायला तयार झाला नाही. तो तुरुंगात गेला आणि खटला सुप्रीम कोर्टापर्यंत पोचला. १८८६ मध्ये कोर्टाने सांगितलं, की कायदा कागदावर सरळ असला तरी तो राबवताना पक्षपात होत असेल तर चालणार नाही. तो माणूस अमेरिकेचा नागरिक नव्हता, तरीही राज्यघटनेचं संरक्षण त्याला मिळालं. व्हिसा किंवा ग्रीन कार्डवर इथे राहणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा असा आहे.

पुढे २५ जुलै १९१६ रोजी न्यूयॉर्कने संपूर्ण शहरासाठी झोनिंगचे नियम केले. आदल्या वर्षी पूर्ण झालेल्या ३८ मजली इक्विटेबल बिल्डिंगने आसपासच्या रस्त्यांवरचं ऊन अडवलं होतं, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण कमी सांगितलं जातं. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या मोठ्या दुकानदारांना शिलाईचे कारखाने आणि दुपारच्या सुट्टीत फुटपाथवर येणारे स्थलांतरित कामगार आपल्या दुकानांसमोर नको होते. मुंबईचा टाऊन प्लॅनिंग कायदा १९१५ चा, म्हणजे दोन्ही शहरांत ही चर्चा एकाच सुमारास चालली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या काळात, १९१३ ते १९१६, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

१९१७ मध्ये बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला गेले आणि जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना. त्याच वर्षी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने केंटकीतल्या लुइव्हिल शहराचा नियम रद्द केला. कोणत्या गल्लीत कृष्णवर्णीयांनी घर घ्यायचं आणि कोणत्या गल्लीत गोऱ्यांनी, हे तो नियम ठरवत होता. शेजारी कोण असावा हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता.

१९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने झोनिंग वैध ठरवलं. वंशाचं नाव आता घेता येत नव्हतं, पण ‘इथे फक्त एका कुटुंबाचं घर’, ‘प्लॉट किमान एवढ्या एकराचा’ असं लिहिता येत होतं. भिंत पैशाची झाली. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने १९७५ मध्ये माउंट लॉरेलच्या खटल्यात यालाही आवर घातला: कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना नियमांच्या आडून गावाबाहेर ठेवता येणार नाही.

त्याच सुमारास राज्याचा म्युनिसिपल लँड यूज कायदा झाला. आपलं दोनशे फुटांचं पत्र त्यातलंच. मुंबईत घर बांधलेल्यांना ही पद्धत नवलाची वाटते. तिथे आर्किटेक्ट नकाशे देतो, पालिकेचे अभियंते ते तपासतात आणि १८८८ च्या कायद्याच्या ३४६ व्या कलमानुसार जे मंजुरीपत्र मिळतं त्याचं नाव चक्क ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’! हरकती-सूचना मागवतात त्या विकास आराखड्यावर. एकेका इमारतीसाठी शेजाऱ्यांसमोर अशी सुनावणी होत नाही.

इथे झोनिंग बोर्डावर सात नियमित सदस्य असतात. ते गावातलेच रहिवासी असतात. अर्जदाराचे इंजिनियर आणि प्लॅनर शपथेवर साक्ष देतात. शेजाऱ्याला त्यांना प्रश्न विचारता येतात आणि मग शपथ घेऊन स्वतःचं म्हणणं मांडता येतं. मतदान सर्वांसमोर होतं आणि निर्णय कारणांसह लेखी द्यावा लागतो. निवासी भागात मनाई असलेला वापर हवा असेल तर किमान पाच मतं लागतात. चार विरुद्ध तीन असा कौल पडला, तर बहुमत असूनही अर्ज फेटाळला जातो.

हे सगळं आपल्या मंदिरांना आणि मराठी शाळांना कधीही लागू होऊ शकतं. बर्नार्ड्‌स टाऊनशिपमधल्या एका मशिदीचं उदाहरण घ्या. २०१२ च्या अर्जावर ३९ सुनावण्या झाल्या आणि २०१५ च्या डिसेंबरात नकार आला. चर्चसाठी तीन माणसांमागे एक गाडी असा हिशेब होता. त्या हिशेबाने दीडशे माणसांना ५० जागा पुरत्या. मशिदीकडे मागितल्या १०७. धर्मस्थळांना जमीनवापराच्या नियमांत समान वागणूक देणारा केंद्राचा कायदा २००० मध्ये झाला होता. त्याच्या आधारे फेडरल न्यायाधीशांनी २०१६ च्या शेवटच्या दिवशी पार्किंगच्या मुद्द्यावर मशिदीच्या बाजूने निकाल दिला. २०१७ मध्ये टाऊनशिपने ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तडजोड केली आणि मशिदीला परवानगी मिळाली.

पार्किंग, पावसाचं पाणी, रहदारी हे प्रश्न खोटे नसतात. ते विचारायलाच हवेत. पण १८८० च्या आगीसारखा खरा प्रश्न पुढे करून नको असलेला माणूस बाहेर ठेवता येतो, हा या इतिहासाचा धडा आहे. आता यातली अवघड बाजू पाहू. आपली पहिली पिढी या बोर्डांपुढे अर्जदार म्हणून गेली. आता आपलीही घरं त्या दोनशे फुटांत आहेत. गावात कमी भाड्याचे फ्लॅट किंवा दुसऱ्या धर्माचं प्रार्थनास्थळ येणार म्हटलं, की ‘घराची किंमत पडेल’, ‘शाळेत गर्दी होईल’ अशी वाक्यं आपल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात. लॉन्ड्रीवाल्यांना नकार देणाऱ्यांच्या बाजूला आपण कधी जाऊन बसलो, हे कळतसुद्धा नाही.

म्हणून एक विनंती. येत्या वर्षी आपला काहीही संबंध नसलेली एक सुनावणी ऐकायला जा. मुलांनाही न्या. नियम कोणता, पुरावा कोणता आणि नुसती भीती कोणती, हे वेगळं करायची सवय तिथे लागते. इथेच वाढलेल्या मुलामुलींनो, या बोर्डांवर नेमणुकीसाठी टाऊनशिपमध्ये अर्ज करता येतो. पाच मतं लागतात त्या दिवशी रिकामी खुर्ची नकारासारखीच मोजली जाते. तिथे बसा. समोर अर्जदार म्हणून कोणीही उभा असो, त्याला पार्किंगचा हिशेब एकच लावा.