इंदूरची तळी, गोव्याचे नंदा तळे आणि जैवविविधतेचे मोल

इंदूर शहराच्या दक्षिण भागात, आग्रा-मुंबई मार्गाला खंडवा रस्ता जेथे मिळतो, तो परिसर भंवरकुआं या नावाने ओळखला जातो. देवी अहिल्या विश्वविद्यालयाचे संकुल आणि स्पर्धा परीक्षांचे शिकवणी वर्ग यांमुळे येथे विद्यार्थ्यांची सतत वर्दळ असते. नावात ‘कुआं’, म्हणजे विहीर असली, तरी आज इंदूरची तहान मुख्यतः नर्मदेवर भागते. सुमारे ७० किलोमीटर अंतरावरील जलूद येथून उचललेले हे पाणी १९७८ पासून शहरात येत आहे. माळव्याच्या बसाल्ट खडकात पाणी भेगा व फटींपुरतेच साठते. म्हणून या पठारावर विहिरींच्या जोडीला तळी बांधण्याची प्रथा रुजली. सिरपूर आणि यशवंत सागर हे इंदूर परिसरातील जलाशय होळकर राजवटीची देणगी होत.

माणसाने बांधलेले तळे कालांतराने परिसंस्था बनते. परिसंस्था म्हणजे एखाद्या ठिकाणचे सजीव आणि तेथील माती, पाणी, हवा, ऊन यांची परस्परांत गुंतलेली व्यवस्था. या व्यवस्थेतील जीवांचे वैविध्य, म्हणजेच जैवविविधता, ही तिची शोभा नव्हे. तिची कामे करणारे ते हात आहेत. काठावरचे पाणकणीस वाहत येणाऱ्या पाण्याचा वेग कमी करते आणि गाळ खाली बसतो. मुळांवरील सूक्ष्मजीव सेंद्रिय घाण कुजवून तिचे विघटन करतात. पाण्यातील सूक्ष्म प्राणी शेवाळ खातात, लहान मासे व चतुरांच्या अळ्या डासांच्या अळ्यांवर जगतात, तर बगळे आणि पाणकावळे माशांच्या संख्येला आवर घालतात. एकच काम अनेक जाती करत असल्याने एखाद्या वर्षी एक जात घटली, तरी दुसरी ते काम काही प्रमाणात सांभाळते. अवर्षणात वा अतिवृष्टीत परिसंस्था तग धरते, ती याच बळावर.

धार रस्त्यालगतचे सिरपूर तळे हे याचे उत्तम उदाहरण. पावसाळ्यातही जेमतेम दोन मीटर खोल असणारे हे उथळ तळे हिवाळी पाहुण्या बदकांना मानवते. जागतिक पातळीवर संकटग्रस्त ठरलेली छोटी लालसरी येथे येते. अतिक्रमण व प्रदूषणाच्या विळख्यातून हे तळे वाचावे म्हणून इंदूरचे छायाचित्रकार भालू मोंढे यांनी सहकाऱ्यांसह दीर्घकाळ काम केले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गंभीर नदीवरील यशवंत सागर इंदूरला पाणी पुरवतो आणि मध्य भारतातील सारस क्रौंचांचा महत्त्वाचा आश्रयही आहे. एकाच जलाशयावर नागरिक आणि पक्षी दोघेही अवलंबून असल्याचे याहून स्पष्ट चित्र क्वचितच दिसेल.

वैविध्य घटले की काय होते, हे जलपर्णीने व्यापलेल्या कोणत्याही तळ्यात पाहता येते. एकच वनस्पती पृष्ठभाग झाकते, ऊन आत पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. तळे हिरवेगार दिसते, पण आतून गुदमरते. जमिनीवरील उदाहरण गिधाडांचे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे १९९० च्या दशकापासून भारतातील गिधाडांच्या काही जाती ९५ टक्क्यांहून अधिक घटल्या. मेलेली जनावरे उघड्यावर कुजू लागली, भटक्या कुत्र्यांना आयते खाद्य मिळाले आणि रेबीजचा धोका वाढला. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पण गेलेली गिधाडे बंदीच्या वेगाने परत येत नाहीत.

इंदूरपुढचा कठीण प्रश्न नदीचा आहे. शहरातून वाहणारी कान्ह नदी सांडपाणी घेऊन क्षिप्रेला मिळते. उज्जैनच्या २०२८ मधील सिंहस्थासाठी हे पाणी बंदिस्त मार्गाने घाटांपासून दूर वळवण्याचे काम हाती घेण्यात आले. त्याने घाट स्वच्छ राहतील. मात्र कान्हेचे काठ, तेथील वनस्पती आणि जलचर परतल्याविना ती नदी स्वतःला शुद्ध करू शकणार नाही. देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून वारंवार गौरवल्या गेलेल्या इंदूरलाही झाडलेले रस्ते आणि जिवंत नदी यांतील अंतर अजून कापायचे आहे.

गोमंतकीयांसाठी हा विषय दूरचा नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये भारताच्या रामसर स्थळांत ज्या दहा पाणथळ जागांची भर जाहीर झाली, त्या एकाच यादीत सिरपूर आणि कुडचडे येथील नंदा तळे होते. सिरपूरचे क्षेत्र १६१ हेक्टर, नंदा तळ्याचे ४२ हेक्टर. १९७१ मध्ये इराणमधील रामसर शहरी झालेल्या करारानुसार हा दर्जा मिळतो. जुवारीच्या उपनदीलगतच्या नंदा तळ्यात पावसाळ्यानंतर साठवलेले पाणी खालच्या अंगाच्या भातशेतीला मिळते. तेथेच मासेमारीही होते. जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर यांना भारतातील पहिली ‘पाणथळ शहरे’ म्हणून मान्यता मिळाली. अशी मान्यता तळ्याला संरक्षणाचे कवच देते. त्या कवचाखालचा जीव टिकवायचा, तर तळ्यात येणारे ओढे मोकळे, सांडपाणी बाहेर आणि काठ वनस्पतींनी भरलेले ठेवावे लागतात. माळव्याच्या काळ्या मातीत जे खरे, तेच गोव्याच्या जांभ्या दगडाच्या भूमीतही खरे आहे.